पंचविशी ते पन्नाशी

भाऊबीज झाली की गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगावच्या अंगाला, गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा दंडार, कुठे खडी गंमत, पुढे शंकरपट. आणि जेवणं उरकून, पाहुण्यारावळ्यांना घेऊन गाव निघतं ते नाटकाला. पडदा दहा-अकराच्या पुढे कधीतरी उघडतो आणि पडतो तेव्हा कोंबडं आरवलेलं असतं. धान कापून झालेलं असतं, हातात चार पैसे असतात, थंडी पडलेली असते. होळीपर्यंत हे चालतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या या रंगभूमीचं कौतुक करायची आता शहरातही पद्धत पडली आहे. २०२३ साली तिचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून तर तिचं नाव मुंबई-पुण्याच्या भाषणांतही येऊ लागलं. आनंद आहे. आम्हाला मात्र त्या भाषणांत एक गोष्ट हटकून राहून गेलेली दिसते. हे नाटक गाण्याचं आहे, आणि गाणं गळ्यातून येतं.

गद्य नाटक झाडीपट्टीत चालत नाही असं नाही, पण गाण्यावाचून रात्र सरत नाही. ऑर्गनवाला आणि तबलजी रंगमंचाच्या पुढ्यात बसलेले असतात, नट-नटी संवाद म्हणता म्हणता पदावर येतात, आणि आवाज चांगला लागला तर थंडीत कुडकुडणारा प्रेक्षक वन्समोअर घेतो. परदेशी माणसाला सांगायचं झालं तर याला ऑपेराचा लांबचा चुलतभाऊ म्हणावं लागेल. तुलना ओढूनताणून नाही. गात गात गोष्ट सांगणारा नट ही एकच जात आहे, मग तो मिलानला असो की बोंडगावला. फरक कलेत फार नाही. फरक आहे तो गायकाच्या आयुष्याच्या आखणीत.

ऑपेरातला होतकरू गायक कसा वर येतो ते पाहा. संगीतशाळेतून बाहेर पडला की तो एखाद्या ऑपेरागृहाच्या उमेदवारी वर्गात शिरतो. जर्मनीत अशी सुमारे ८० गृहं सार्वजनिक पैशावर चालतात आणि त्यांतली बहुतेक आपला गायकवर्ग महिन्याच्या पगारावर ठेवतात. तिथे आवाजाची जात ठरवतात, त्याला ते ‘फाख’ म्हणतात, आणि जातीबाहेरची भूमिका सहसा देत नाहीत. पंचविशीतल्या मुलीचा आवाज कितीही दणदणीत असला तरी तिला वाग्नरची ब्रुनहिल्ड गायला लावणारा संचालक वेड्यात निघेल, कारण तो आवाज पस्तिशीच्या आसपास पिकायचा असतो आणि आधी ओढला तर फाटतो. मोठी भूमिका गायल्यावर मध्ये दोन-तीन दिवसांची उसंत देतात. म्हणजे विसाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत त्या गळ्याकडे कोणाचं ना कोणाचं लक्ष असतं. तिथेही उपाशी राहणारे गायक आहेत, नाही असं नाही. पण शिडी आहे.

आपल्याकडे शिडी नव्हती का? होती, आणि ती आपणच बांधली होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभं केलं आणि त्यातून संगीत नाटक कंपनी नावाची जी चीज निर्माण झाली, ती गायकाच्या दृष्टीने शाळा, खाणावळ आणि नोकरी अशी तिन्ही होती. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. पुढे भास्करबुवा बखल्यांसारखा गवई त्यांच्या गळ्यावर मेहनत घेत होता, ती कंपनीच्या बिऱ्हाडातच. दीनानाथ मंगेशकर तिथे आले चौदाव्या वर्षी. कंपनीचं बिऱ्हाड म्हणजे स्वर्ग नव्हता. पोरांचे हाल होत, मालकांची भांडणं होत, आणि बालगंधर्वांच्या कर्जाच्या कहाण्या तर घराघरात ठाऊक आहेत. तरी सकाळी उठून कोणीतरी षड्ज लावायला बसवत होतं, आणि दुपारच्या भाताची चिंता गाणाऱ्याला नव्हती.

आज वडशाला नाट्यमंडळांच्या कचेऱ्यांवर पाट्यांमागे पाट्या आहेत. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी सौंदड, अर्जुनी असं करत तिथे पोचते, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या गावांचं नाटक ठरतं ते बहुधा तिथेच. गावातलं मंडळ जातं, नाटक निवडतं, तारीख पकडतं, इसार देतं. धंदा चोख आहे, नावं ठेवायला जागा नाही. सरकारी अनुदानावाचून इतकी माणसं जगवणारी रंगभूमी महाराष्ट्रात दुसरी दाखवा. पण वडशाचं नाट्यमंडळ म्हणजे जुनी कंपनी नव्हे. गायक नटाचा आणि त्याचा संबंध हंगामापुरता, आणि हिशेब ‘नाइट’चा. रात्री गायलास तर रात्रीचे पैसे. आवाज बसला, ताप आला, तर ती रात्र दुसऱ्याची. म्हणून आवाज बसला तरी तो गातो. रात्रभर धूळ, बिड्यांचा धूर, पौषातली गार हवा आणि उजाडताच पुढच्या गावाची गाडी. दुसऱ्या रात्री पुन्हा उभा. मिलानच्या गायकाला यातल्या एका आठवड्याचं वर्णन ऐकवलं तर तो आधी डॉक्टरचा पत्ता देईल.

होळीनंतर काय? होळीनंतर मोहफुलं वेचायची, मग तेंदूपत्ता, मग मृग लागला की पऱ्हे टाकायचे, आणि आषाढात रोवणी. कोणी मंडप-डेकोरेशनच्या कामाला जातो, कोणी गोंदियाच्या राइस मिलवर. हंगाम सोडला तर उरलेल्या आठ महिन्यांत त्या गळ्याला भजनमंडळाखेरीज कोणी विचारत नाही. तयारीचे महिने नेमके हेच असतात. गाणं हे साठ रात्री प्रयोग मारून सुधारत नाही. ते पहाटे तंबोऱ्याशी बसून सुधारतं, हे शेजारच्या हार्मोनियमवाल्यालाही माहीत आहे. धानाचं पंचांग आणि गळ्याचं पंचांग झाडीपट्टीत एकाच पाटीवर लिहिलेलं आहे, आणि धान आधी येतं. यायलाच हवं.

आता सरकार. सरकार या बाबतीत निष्क्रिय आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते दोनदा जागं होतं. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय १८ ते २५, दरमहा ५ हजार रुपये, मुदत दोन वर्षं, सगळ्या देशात मिळून साधारण ४०० जणांना. गुरूकडे किंवा संस्थेत पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं. देवरी-सालेकशाच्या मुलाने ही पाच वर्षं कोणत्या संस्थेत काढायची, हा प्रश्न अर्जात नाही. नंतर सरकार झोपी जातं ते एकदम पन्नासाव्या वर्षी उठतं. राज्याची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना मानधन देणारी योजना आहे, तिची वयाची सर्वसाधारण अट पन्नाशीची. पूर्वी त्यात अ, ब, क असे वर्ग होते आणि राष्ट्रीय, राज्य व स्थानिक कलावंतांचा भाव वेगवेगळा होता. २०२४ साली हा भेद काढून सगळ्यांना सरसकट दरमहा ५ हजार करण्यात आले. चांगलं झालं. म्हातारपणी औषधाला उपयोगी पडतात.

पंचवीस ते चाळीस वयासाठी केंद्राची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे, महिना १० हजारांची, हे आम्ही विसरलेलो नाही. पण ती संशोधन प्रकल्पाला मिळते. झाडीपट्टीच्या गायकावर कोणी प्रबंध लिहीत असेल तर त्याला पैसे आहेत. गायकाला नाहीत.

पंचविशी ते पन्नाशी. गळा कमवायची, टिकवायची आणि त्यावर नाव मिळवायची हीच वर्षं. या मधल्या पट्ट्यात शासनाला गायक दिसत नाही. विशीत तो होतकरू असतो, पन्नाशीनंतर वयोवृद्ध, आणि मध्ये तो बहुधा फक्त गात असतो. हा नियम मागे नेऊन लावून पाहावा. गायक नट केशवराव भोसले ४ ऑक्टोबर १९२१ला वारले ते एकतिसाव्या वर्षी, बालगंधर्वांबरोबरच्या त्या गाजलेल्या ‘संयुक्त मानापमाना’नंतर तीनच महिन्यांनी. दीनानाथ गेले एकेचाळिसाव्या वर्षी. दोघेही अपात्र. आणि आपल्या विदर्भाचे वसंतराव देशपांडे? मूर्तिजापूरला जन्म, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिक्षण, आणि मग आयुष्याची उमेदीची वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात. पोटासाठी खतावण्या, आणि उरलेल्या वेळात गाणं. नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं ‘कट्यार काळजात घुसली’ डिसेंबर १९६७मध्ये रंगभूमीवर आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. आणखी तीन वर्षं थांबले असते तर वृद्ध कलावंत म्हणून अर्ज करता आला असता!

वसंतरावांची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती नासाडीचीही वाटते. असा गळा उमेदीच्या वर्षांत पूर्ण वेळ गाऊ शकला नाही, याचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा? आणि ते निदान नोकरीवाले होते, महिन्याला पगार येत होता. आमचा गायक नट रोवणी करतो.

उपाय विचाराल तर फार मोठा नाही, आणि नाट्यगृह बांधण्याचा तर मुळीच नाही. पुढाऱ्याला नाट्यगृह आवडतं, कारण त्याला कोनशिला असते. झाडीपट्टीचं नाटक शामियान्यात सुखी आहे; त्याला हवा आहे तो शिकवणारा. मुंबईच्या गोवेकर घरातली पॅट्रिशिया रोझारिओ ऑपेरा शिकायला लंडनच्या गिल्डहॉल शाळेत गेली, कारण इथे शिकवणारं कोणी नव्हतं. मोठी गायिका झाली, आणि २००९पासून नवऱ्याला, पियानोवादक मार्क ट्रूपला, सोबत घेऊन इकडच्या मुलांना शिकवण्यासाठी वरचेवर भारतात येऊ लागली. शिष्यांना लंडन परवडेना, तर गुरूने विमान पकडलं. या हिशेबाने नागपूरहून अर्जुनीला यायला किती लागतं? नागपुरात गाणं शिकवणारे आहेत, नाट्यपदं जाणणारे आहेत. पावसाळ्यात रोवणी आटोपली की भादव्यापासून दिवाळीपर्यंत दोन-अडीच महिने हाती असतात. त्या दिवसांत वडसा किंवा अर्जुनी मोरगाव इथे गाण्याचा वर्ग चालवावा, शिकवणाऱ्याला मानधन आणि शिकणाऱ्याला बुडालेल्या मजुरीइतकी रोजी द्यावी. वर्षातून एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टराने आरशाने गळे तपासावेत. स्वरतंतूंवरची गाठ वेळेत दिसली तर अनेकदा मौनाने आणि आवाज नीट लावायला शिकून जाते, उशिरा दिसली तर शस्त्रक्रिया. आणि मंडळांनीही हंगामाच्या करारात आठवड्यातली एक रात्र गायकाला सुटी लिहून द्यावी. नाटकवाले म्हणतील, मंडईच्या दिवसांत सुटी कशी द्यायची? खरं आहे, तोंडातला घास कोणी टाकत नाही. मग दोन गळे ठेवा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांत गाणाऱ्या पोरापोरींची वानवा नाही; भजनाच्या स्पर्धेत एकदा बसून पाहा.

हे काही होईपर्यंत पन्नाशीच्या योजनेवरच भिस्त ठेवायची, तर आज सव्वीस वर्षांचा असलेला गायक नट अजून चोवीस हंगामांनी पात्र ठरेल. हंगामाला साठ रात्री धरल्या तर मध्ये १,४४० रात्री होतात. अर्जाला कलासेवेचे पुरावे जोडावे लागतात. तेव्हा गड्याने गळ्याचं काय व्हायचं ते होऊ द्यावं; नाटकांची हँडबिलं तेवढी आतापासून पत्र्याच्या पेटीत, वाळवी लागणार नाही अशा बेताने, जपून ठेवावीत.