बेडूक आणण्याआधी टाकी तयार करा!

पाण्यातले बेडूक पाळणाऱ्या आणि पाळू पाहणाऱ्या सर्वांना कळकळीचे आवाहन

मत्स्यालयाच्या दुकानांत माशांच्या शेजारी आता पाण्यात राहणारे आफ्रिकी बेडूकही दिसू लागले आहेत. बोटाच्या पेराएवढा जीव, त्यात मुलांचा हट्ट. बेडूक घरी येतो आणि गोल काचेच्या भांड्यात, नळाच्या ताज्या पाण्यात पडतो. कृपा करून हे थांबवा. अशा भांड्यात बेडूक जगत नाही, दिवस काढतो.

बेडूक कातडीतून पाणी शोषतो. त्यामुळे नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि त्याच्याच विष्ठेतून होणारा अमोनिया थेट त्याच्या अंगात भिनतो. तो सुस्तावतो, खाणे टाकतो, मांड्या आणि पोट लालसर दिसू लागते. हे लक्षात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

विकत घेताना पुढचे पाय नीट पाहा. चारही पायांच्या बोटांमध्ये पडदा असेल, तर तो बुटका बेडूक, म्हणजे ‘ड्वार्फ फ्रॉग’. तो तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे फारसा वाढत नाही. पुढची बोटे सुटी आणि मागच्या बोटांना काळ्या नख्या असतील, तर तो नखीवाला ‘झेनोपस’. त्याची पांढरी-गुलाबी पिल्ले ‘छोटी जात’ म्हणून सहज खपतात. पुढे ती तळहाताएवढी होतात, पंधरा-पंधरा वर्षे जगतात आणि तोंडात मावेल तो मासा गिळतात. त्यांना थंड पाणी लागते, मुंबईचा उन्हाळा सोसत नाही. छोट्या टाकीसाठी हा बेडूक घेऊच नका.

बुटक्या बेडकांसाठी एवढे करा:

1. दीड फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकी घ्या. त्यात चार बेडूक सुखाने राहतात. ते फुप्फुसांनी श्वास घेतात, हवेसाठी सारखे वर येतात, म्हणून पाणी फुटापेक्षा खोल नको.

2. पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. स्पंज फिल्टर मंद चालवा. जोराच्या प्रवाहात हे बेडूक दमतात.

3. बेडकाआधी चार ते सहा आठवडे टाकी चालू ठेवा आणि रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाका. अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्या काळात स्पंजात वाढतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की मगच बेडूक आणा.

4. तळाला बारीक वाळू घाला. मटाराएवढे खडे नकोत, खाण्याबरोबर ते पोटात जातात. लपायला मातीची कुंडी आडवी ठेवा.

5. घट्ट झाकण लावा, पण पाणी आणि झाकण यांत चार बोटे हवा राहू द्या. उडी मारून बाहेर पडलेला बेडूक काही तासांत सुकून मरतो.

6. पाणी 24 ते 26 अंश ठेवा. पुण्या-नाशिकच्या थंडीत त्यासाठी हीटर लागेल. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला.

7. गोठवलेले ब्लडवर्म वितळवून चिमट्याने थेट नाकासमोर धरा. हा बेडूक वासावर खाणे शोधतो. तो पोहोचेपर्यंत चपळ मासे सगळे फस्त करतात, म्हणून सोबत मासे नकोत.

आता सर्वांत महत्त्वाचे. कंटाळा आला, घर बदलले, मुले परगावी गेली, काहीही झाले तरी हा बेडूक विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका. ते पुण्य नव्हे. 1930च्या दशकापासून गर्भधारणेच्या चाचणीसाठी झेनोपस जगभर नेला गेला. प्रयोगशाळांतून आणि पाळणाऱ्यांकडून सुटलेल्या या बेडकांनी चिली, कॅलिफोर्निया, फ्रान्स आणि सिसिलीत ठाण मांडले. आपल्याकडे टाक्यांतून सुटलेला सकर मासा उजनी धरणाच्या मच्छीमारांना छळतोच आहे. शिवाय हे आफ्रिकी बेडूक उभयचरांना मारक ठरणारी कायट्रिड बुरशी अंगावर वाहू शकतात आणि स्वतः धडधाकट दिसतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात 501 उभयचर जातींच्या घसरणीमागे आणि त्यांतल्या 90 जाती नाहीशा होण्यामागे हीच बुरशी असल्याचे मांडले गेले. सह्याद्रीत असे कितीतरी बेडूक आहेत, जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. टाकीचे पाणीही म्हणूनच बागेत किंवा नाल्यात नको, संडासात ओता.

पावसाळ्यात ओढ्यातले बेडूकमासे बाटलीत भरून आणणेही बंद करा. मुलांना काठावर बसवून दाखवा.

आज तुमच्या घरी बेडूक भांड्यात असेल, तर आत्ताच क्लोरीन काढलेले पाणी तयार ठेवा, रोज थोडे बदला आणि या आठवड्यात टाकी लावा. जमणार नसेल, तर दुकानदाराला परत करा किंवा नीट सांभाळणाऱ्याकडे सोपवा. विकत घ्यायचा विचार असेल, तर आज फक्त टाकी आणा. आणि हे आवाहन मुले असलेल्या प्रत्येक घरापर्यंत पोहोचवा.