फुलोऱ्याखालची शिदोरी

चेरीचा फुलोरा पाहावयास निघालेल्या जपानी कुटुंबाच्या डब्यात काय असते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु एखाद्या समाजाचे आपल्या ऋतूशी सख्य किती जिव्हाळ्याचे आहे याचा दाखला अशा डब्यातच मिळतो, असे माझे मत आहे. त्या डब्यात तांदळाच्या पिठाच्या गुलाबी, पांढऱ्या व हिरव्या गोळ्या काडीला ओवलेल्या असतात, मोहरीवर्गीय भाजीचे कळीदार तुरे उकडून ठेवलेले असतात, आणि चेरीच्याच खारवलेल्या पानात गुंडाळलेले एक पक्वान्न असते. परंपरा अशी सांगते की इ. स. १७१७ मध्ये एदो, म्हणजे आजच्या तोक्यो, शहरात सुमिदा नदीकाठच्या चोमेइजी मंदिराच्या द्वारपालाने, रोज झाडून काढाव्या लागणाऱ्या चेरीच्या पानांचे काहीतरी सार्थक व्हावे म्हणून ती मिठात मुरवली आणि कडधान्याचे गोड पुरण भरलेले नाजूक घावन त्यांत गुंडाळून विकावयास मांडले. पुढे थोड्याच वर्षांत शोगुन तोकुगावा योशिमुने याने आसुकायामा टेकडीवर चेरीची झाडे लावविली, आणि मुख्यतः दरबारी व सरदारी असलेला हा सोहळा सामान्य रयतेच्या वाट्यास आला.

आता हीच हौस आपल्याकडेही फोफावली आहे. मात्र आपण जपानी डब्याची नक्कल करू पाहतो आणि त्यामागचा शिरस्ता विसरतो. परदेशी पदार्थाच्या चवीशी माझे वैर नाही. पण जावळी तालुक्याचे ठाणे असलेल्या मेढ्यात राहून वेण्णेकाठच्या माणसाने समुद्रशेवाळाच्या आयात पट्ट्या शोधीत फिरावे, आणि दारची कैरी झाडावरच राहावी, यात रसिकता कोणती?

मेढ्याच्या दक्षिणेस डोंगरमाथ्यावर कासचे पठार आहे. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि श्रावण-भाद्रपदात तिकडे माणसांची रीघ लागते. परंतु तिथली फुले जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत, पायांशी उमलतात. तिथे चटई अंथरणे म्हणजे जे पाहावयास आलो तेच चिरडणे होय. वनभोजनास फुलणारे झाड हवे, फुलणारी जमीन नव्हे. आणि तशी झाडे आपल्याकडे फाल्गुनात फुलतात: सावर, पळस, पांगारा. चेरीप्रमाणेच त्यांच्याही फांद्या निष्पर्ण असताना फुलांनी लदलेल्या दिसतात, आणि पांगाऱ्यावर मधासाठी मैना-बुलबुलांची जी कचेरी भरते ती पाहण्यास तिकीट लागत नाही. झाडाखाली जेवण्याचा आचारही आपणांस नवा नाही. कार्तिकातले आवळीभोजन हे दुसरे काय आहे?

तेव्हा फाल्गुनअखेरीस किंवा चैत्राच्या पहिल्या पंधरवड्यात शिदोरीची तजवीज अशी करावी. कैरी आदल्या रात्री उकडून, गर गुळात कालवून पन्हे करावे. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटावी, तीत कैरीचा कीस घालावा व वर हिंग-मोहरीची फोडणी द्यावी. या आंबेडाळीचा आंबटपणा जिभेचे रंजनही करतो आणि उन्हात अन्न टिकवण्यासही मदत करतो, जे काम जपानी भातातले शिरके करते. भाताची गोष्ट तर अधिक मौजेची. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसृत झालेला इंद्रायणी तांदूळ मऊ, सुवासिक व चिकट असल्याने जपानी पद्धतीच्या मुठींनाही तो उत्तम चालतो. दहीभात न्यावयाचा तर सकाळी भात निववून दुधात कालवावा व चमचाभर विरजण लावावे, म्हणजे दुपारी पाने मांडेपर्यंत तो बेताचा लागतो; आधीच दही घातलेला भात चैत्राच्या उन्हात हटकून आंबतो. सोबत नाचणीची भाकरी, लसणीची चटणी आणि मिळाली तर कोवळ्या हिरव्या करवंदांचे ताजे लोणचे. जेवावयास पळसाच्याच सुक्या पानांच्या पत्रावळी घ्याव्यात.

प्लास्टिकच्या पुड्या मात्र घरीच ठेवाव्यात. आणि खाजगी रानात बसावयाचे तर मालकाची परवानगी आधी घ्यावी, झाडाखाली चूल पेटवू नये. त्या दिवसांत वाळल्या गवताला वणवा लागण्यास एक ठिणगी पुरते.