पुरणपोळी खायला काठमांडूला?

आमच्या राजुरात गणपतीच्या दर्शनाला आलेला माणूससुद्धा घटकाभर टेकतो. हल्ली नेपाळ-भूतानच्या ज्या 'सांस्कृतिक सहली' निघतात, त्यांत तेवढीही सवड नसते. मी गेलो त्या सहलीत भक्तपूरला पाऊण तास मिळाला आणि त्याच दिवशी रुद्राक्षाच्या दुकानात दीड तास!

भक्तपूरचे पाच मजली न्यातपोल मंदिर १७०२ सालचे. १९३४ आणि २०१५ चे दोन्ही मोठे भूकंप सोसून ते उभे आहे. कसे, ते कोणी सांगितले नाही. जवळच चांगुनारायणाला मानदेव राजाचा इ.स. ४६४ चा संस्कृत शिलालेख आहे. तो कार्यक्रमातच नव्हता. पुरणपोळी मात्र वेळेवर!

भूतान आपल्याकडून माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क घेतो. ते भरायचे, आणि पारोला जाऊन तक्तसांगचा मठ खालूनच फोटोत धरायचा.

यावर ठरलेले उत्तर येते : "गुरुजी, वयस्कर मंडळी असतात, खाण्याचे हाल नकोत." अहो, वय झाले म्हणूनच तर ठिकाणे कमी हवीत! सात गावे कशाला, दोनच दाखवा. तिथला वरणभात आम्हाला चालतो, नेपाळी माणूस रोज तेच जेवतो. आमच्या भोकरदनच्या, म्हणजे जुन्या भोगवर्धनच्या लोकांची नावे दोन हजार वर्षांपूर्वी सांचीच्या दगडावर कोरली गेली. त्यांच्याबरोबर आचारी होता की नाही, देव जाणे.

तेव्हा सहलवाल्यांनो, जाहिरातीत जेवणाचा बेत छापता, तसे प्रत्येक ठिकाणी किती तास थांबणार तेही छापा. दुकानांचे तास वेगळे दाखवा. मग आम्ही पैसे भरू.