सरांना भेटलो होतो, पण पोच घेतली नाही

निकाल लागले की आमच्याकडे विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. चांगला पेपर गेलेल्या विषयात नापास. अंतर्गत गुण कमी. गाईड सही करत नाहीत म्हणून पीएचडीचा अहवाल अडकलेला. शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणून कॉलेज टीसी देत नाही. आम्ही प्रत्येकाला आधी एकच विचारतो, "लेखी दिलंस का?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं : "सरांना जाऊन भेटलो होतो. बघू म्हणाले."

तोंडी सांगितलेलं कॉलेजच्या दफ्तरात कुठेच नसतं. सहा महिन्यांनी तेच सर म्हणतात, हा विद्यार्थी आमच्याकडे कधी आलाच नाही. अन्याय खरा असूनही आपली मुलं इथे हरतात.

नियम नाहीत असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाची नवी नियमावली लागू केली. त्यानुसार संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ अध्यापक सदस्य आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित. अध्यक्ष किंवा सदस्यांपैकी किमान एक महिला आणि किमान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी प्रवर्गातला हवा. आपल्यासाठी ही अट मोलाची आहे, पण ती पाळली आहे का हे विचारणारा विद्यार्थी आम्हाला क्वचितच भेटला. समितीने शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्यालाही द्यायची. निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. लोकपालाने तीस दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा. तक्रार अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख नसेल, तर हे दिवस मोजायचे कुठून?

लोकपाल नेमण्यात विद्यापीठांनी किती टाळाटाळ केली, हेही सांगायला हवं. नियमावलीला वर्ष उलटून गेल्यावर, जून २०२४ मध्ये, आयोगाला लोकपाल न नेमणाऱ्या १५७ विद्यापीठांची यादी जाहीर करावी लागली. अपिलाच्या दारावर कुलूप असेल तर त्याचीही लेखी तक्रार आयोगाकडे करता येते.

टीसीचं प्रकरण आमच्या एका मुलाचं. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून यायची होती आणि कॉलेज म्हणत होतं, आधी पैसे भर, मग कागद ने. त्याने तीन महिने खेटे घातले. पुढच्या प्रवेशाची तारीख तोंडावर आली तेव्हा तो आमच्याकडे आला. फी वसूल करण्यासाठी विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं अडवणं ही २०२३ च्या नियमावलीत थेट नोंदवलेली तक्रार आहे. शिष्यवृत्ती देण्यातला उशीर आणि जातीवरून होणारा भेदभावही त्याच यादीत आहेत. एवढं एका पानावर लिहून आवक खिडकीवर दिलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. चौथ्या दिवशी टीसी मिळाली. प्रत्येक वेळी इतकं सोपं होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

गुणांची तक्रार वेगळी लिहावी लागते. नुसतं "मला कमी गुण दिले" म्हटलं तर लोकपाल ती दाखल करून घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी नेमकी चूक किंवा भेदभावाचा नेमका प्रसंग दाखवावा लागतो. त्यासाठी उत्तरपत्रिका हातात हवी. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारात मिळण्याजोगी माहिती आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात स्पष्ट केलं. पण माहिती अधिकाराचं उत्तर यायला तीस दिवस लागू शकतात आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत निघून जाते. म्हणून विद्यापीठाच्या छायांकित प्रतीचा अर्ज आधी, मुदतीत करावा. मग लिहा : प्रश्न चार (ब) तपासलेलाच नाही, पान नऊवरचे गुण बेरजेत धरलेले नाहीत. विशेषणं गाळा. खोट्या तक्रारीवर कारवाईची शिफारस करण्याची तरतूदही याच नियमावलीत आहे. तिची भीती दाखवून मुलांना गप्प बसवलं जातं. कागदावर फक्त घडलेलं असेल तर त्या भीतीत दम राहत नाही.

विनयपिटकात संघातले वाद मिटवण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. पहिला सम्मुखाविनय, म्हणजे दोन्ही पक्षांच्या समक्ष निवाडा. शेवटचा तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकून टाकणं. तोही दोन्ही बाजू राजी असतील तरच. आमची कॉलेजं पहिला सोडून थेट सातव्यावर येतात! सुनावणीला हजर राहण्याचा हक्क सोडू नका. स्वतः जा किंवा प्रतिनिधी नेमा. नियमावलीत दोन्हीची मुभा आहे.

खरी अडचण भीतीची आहे. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात, त्यांच्याच विरुद्ध लिहायचं. पहिल्या पिढीच्या मुलाला हे जड जातं आणि त्याला भित्रा म्हणणं आम्हाला मान्य नाही. रोहित वेमुलाने १८ डिसेंबर २०१५ ला कुलगुरूंना पत्र लिहिलं होतं. त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकली होती. १७ जानेवारीला तो गेला. पत्र लिहिणारा एकटा पडला तर पोच असूनही उपयोग होत नाही. म्हणून अर्ज एकाचा असला तरी खिडकीवर चौघांनी जावं, एक प्रत वसतिगृहातल्या मित्रांकडे आणि एक वस्तीतल्या कार्यकर्त्यांकडे ठेवावी.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला अस्पृश्यांच्या शिक्षणाबद्दल निवेदन दिलं. ते आकडेवारीने भरलेलं आहे. संताप त्यांच्याकडे कमी नव्हता, पण निवेदनात त्यांनी आकडे मांडले.

या आठवड्यात आपल्या कॉलेजच्या संकेतस्थळावर आणि सूचना फलकावर तक्रार निवारण समितीची नावं शोधा. आपल्या प्रवर्गातलं कोण आहे ते बघा. नावंच नसतील तर प्राचार्यांना पहिला अर्ज त्याचाच द्या आणि पोच घ्या.