जुना फोम गेला कुठे?

उत्तनच्या किनाऱ्यावर उभं राहिलात की दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. अलीकडे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि पलीकडे, पार क्षितिजाला टेकलेली मोठमोठी जहाजं. त्या जहाजांसाठी एक नियम बदललाय आणि त्याचा या बोंबलांशी थेट संबंध आहे, असं सांगितलं तर पटेल का?

नियम असा. १ जानेवारी २०२६ पासून बांधल्या जाणाऱ्या जहाजांवर पीएफओएस नावाचं रसायन असलेला आग विझवायचा फोम वापरायला आणि साठवायलाही बंदी आहे. जुन्या जहाजांनी त्या तारखेनंतरच्या पहिल्या सर्व्हेपर्यंत तो काढून टाकायचा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, २०२३ मध्येच हे ठरवलं होतं.

आता मुळात फोम लागतो कशाला? तेलाला आग लागली आणि त्यावर पाणी ओतलं, तर पाणी खाली जातं, तेल वर तरंगतं आणि जळतच राहतं. फोम तेलावर चादरीसारखा पसरतो, हवा तोडतो आणि आग गुदमरते. १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने थ्रीएम कंपनीसोबत असा फोम तयार केला, जो तेलावर पातळ थर धरून काही क्षणांत आग झाकतो. १९६७ मध्ये 'फॉरेस्टल' या विमानवाहू जहाजावरच्या आगीत १३४ जण गेले आणि त्यानंतर या फोमचं महत्त्व सगळ्यांना पटलं. तेव्हा हे कुणी वाईट हेतूने बनवलेलं विष नव्हतं, हे आधी मान्य करू. जीव वाचवायलाच ते आलं होतं.

घोळ आहे तो त्यातल्या फ्लोरिनच्या रसायनांचा. त्यांना पीफास म्हणतात. पीएफओएस हे त्यातलंच एक. कार्बन आणि फ्लोरिन यांची जोडी इतकी घट्ट असते, की ऊन, पाणी, जिवाणू कुणालाच ती सहजासहजी तुटत नाही. म्हणून तर यांना 'फॉरेव्हर केमिकल्स' हे नाव पडलं. पीएफओएस पाण्यातून माशात आणि माशातून माणसात येतं आणि शरीरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. कोलेस्टेरॉल वाढणं, लसीचा परिणाम कमी होणं याच्याशी त्याचा संबंध दिसलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ मध्ये त्याला 'कर्करोगाची शक्यता' असलेल्या गटात टाकलं.

२०१० चा ऑगस्ट आठवतो का? तुम्ही तेव्हा लहान असाल, घरी विचारा. मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं धडकली, शेकडो टन तेल समुद्रात सांडलं आणि लोकांनी मासे खाणंच सोडलं. कोळी बांधवांचा धंदा बसला. पण ते तेल निदान दिसत होतं. त्याचा वास येत होता. पीफास दिसत नाही, त्याला वास नाही, जाळ्याला ते चिकटत नाही. ते पाण्यात गेलं तर कोणाला कळणार आणि भरपाई कोण मागणार?

म्हणून नियम आला हे चांगलंच झालं. पण माझ्या मते तो अर्धाच आहे. एक तर त्यात बंदी आहे ती फक्त पीएफओएसवर. त्याच कुटुंबातलं दुसरं फ्लोरिनवालं रसायन असलेला फोम भरला, तरी कागदोपत्री सगळं ओके. म्हणजे थोरल्याला घराबाहेर काढायचं आणि धाकट्याला आत घ्यायचं! युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२५ मध्ये आगीच्या फोममधल्या सगळ्याच पीफासवर टप्प्याटप्प्याने बंदी आणायचं ठरवलं. म्हणजे आज स्वस्तात धाकटा भरणाऱ्या मालकाला उद्या पुन्हा टाकी उपसावी लागणार. त्यापेक्षा एकदाच फ्लोरिनमुक्त फोम भरावा ना!

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टाकीतून काढलेला जुना फोम जातो कुठे? नियम सांगतो की तो बंदरावरच्या योग्य सुविधेकडे द्यायचा. तो नष्ट करायचा तर हजार अंशांच्या वर तापणारी भट्टी लागते. ते खर्चिक काम. जमिनीवरचे कारखाने आणि डेपो या नियमात येत नाहीत. मग जहाजावर नको झालेला माल कुणाच्या तरी गोदामात स्वस्तात उतरायचा मोह होणारच.

नको झालेली गोष्ट संपत नाही, ती जागा बदलते. याचं उदाहरण आपल्याच कोकणात आहे. इटलीतल्या 'मिटेनी' या पीफास बनवणाऱ्या कारखान्यामुळे व्हेनेतो भागातलं पाणी दूषित झालं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री कुठे आली ठाऊक आहे? रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. नवा फोम तेवढा चालतो का? जून २०२५ मध्ये कोलंबोहून न्हावाशेवाला येणारं 'वान हाय ५०३' केरळच्या समुद्रात पेटलं, चार खलाशी बेपत्ता झाले आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. अशा वेळी कुणाला प्रयोग नको असतात. फ्लोरिनमुक्त फोम जुन्यासारखा पातळ थर धरत नाही, बऱ्याचदा तो जास्त दाट असतो. त्यामुळे नुसतं जुनं ओतून नवं भरणं चालत नाही. टाकी आणि पाइप धुवावे लागतात, मिश्रणाचं यंत्र आणि नोझल तपासावी लागतात, क्रूला पुन्हा शिकवावं लागतं. पण लंडनच्या हीथ्रो विमानतळाने आणि नॉर्वेच्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मनी हे करून दाखवलंय. म्हणजे अडतंय ते तयारीवर आणि पैशावर.

मग मीरा-भाईंदरमध्ये बसून आपण काय करायचं? बरंच काही. जगातल्या दर दहा खलाशांमागे साधारण एक भारतीय असतो आणि मर्चंट नेव्हीची स्वप्नं बघणारी पोरं-पोरी आपल्या इथेही कमी नाहीत. तुम्ही त्यातले असाल, तर शिपवर गेल्यावर दोन कागद बघायला मागा. फोममध्ये काय आहे याचं सर्टिफिकेट आणि जुना फोम कुणाच्या ताब्यात दिला त्याची पावती. टेस्टसाठी काढलेला फोम धुवून समुद्रात सोडला जात नाही ना, हेही बघा. ज्युनियर आहात म्हणून गप्प बसू नका. तो फोम हाताळणारा पहिला माणूस तुम्हीच असता.

शिपवर जाणार नसाल, तरी प्रश्न तुमचाच आहे. १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला तो दिवस १४ एप्रिल. त्या दिवसापासून अग्निसुरक्षा सप्ताह असतो. तेव्हा अग्निशमन दलाचे जवान भेटले की सेल्फी जरूर घ्या, पण सोबत विचारा, 'साहेब, तुमच्या बंबातल्या फोममध्ये पीफास आहे का? जुना साठा कसा नष्ट करता?' उत्तर नाही मिळालं, तर महापालिकेत माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला दहा रुपये लागतात.

नव्या फोमचं कौतुक करायला कंपन्या आहेत, जाहिराती आहेत. जुन्याचा हिशेब मागायला मात्र कुणी नाही. तो मागणारे तुम्ही व्हा.