नीरेला टाळ्या, शांताबाईंना फाटक
पडद्यामागचे : पिटातला प्रेक्षक

१९४० साली मराठीत ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचे एक पुस्तक निघाले. लेखिका शांता आपटे. त्यांचा ‘कुंकू’ हा बोलपट येऊन तीन वर्षे झाली होती आणि त्याच्या हिंदी अवतारामुळे त्यांचे नाव महाराष्ट्राबाहेरही घरोघर पोचले होते. अशा नटीने पुस्तक लिहायचे म्हणजे चार आठवणी, दहा फोटो आणि चाहत्यांच्या पत्रांचे कौतुक, अशीच कुणाचीही अपेक्षा असणार. शांताबाईंनी लिहिले ते सिनेमात राबणाऱ्या माणसांबद्दल. पैसा घालणारा किती काढून घेतो, काम करणाऱ्याचे अंग कसे झिजते, आणि स्टुडिओच्या झगमगाटाकडे डोळे लावून बसलेल्या मुलीच्या वाट्याला आत गेल्यावर काय येते, हा त्या पुस्तकाचा विषय.

शांताबाईंची आठवण निघाली की आपण ‘कुंकू’पाशी सुरू होतो आणि ‘कुंकू’पाशीच संपतो. फार तर एक-दोन गाणी गुणगुणतो. या पुस्तकाचे नाव मात्र चांगल्या सिनेमावेड्या माणसालाही ठाऊक नसते. आज या जागेत त्याबद्दल लिहायचे आहे.

आधी थोडी ओळख. शांताबाई दुधनीच्या. वडील स्टेशनमास्तर. गाण्याचे शिक्षण पंढरपूरला झाले, आवाज पुण्याच्या गणेशोत्सवात लोकांच्या कानी पडला. भालजी पेंढारकरांनी १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्यांना राधा केले, शाहू मोडक त्यात कृष्ण होते. मुंबईत तो बोलपट पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. मग प्रभात फिल्म कंपनी. १९३४ चा ‘अमृतमंथन’, १९३६ चा ‘अमरज्योती’, १९३७ चा ‘कुंकू’, १९३८ चा ‘गोपाळकृष्ण’. केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांच्या चाली त्यांच्या गळ्यात बसल्या. त्या काळी नटी गाऊ लागली की जागच्या जागी खिळून उभी राहायची, हात कुठे ठेवावेत ते तिला कळायचे नाही. शांताबाई मान वळवत, हात हलवत, डोळ्यांनी बोलत गायल्या. गाणे आणि अभिनय हे दोन वेगळे कप्पे त्यांनी ठेवलेच नाहीत.

‘कुंकू’ अजून पाहिला नसेल तर पाहा. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी तो काढला. पोरक्या नीरेचे लग्न फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावून दिले जाते. नीरा रडत कोपऱ्यात बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असे सांगते आणि त्याच घरात राहून तो नकार रोज वागून दाखवते. वयात आलेला सावत्र मुलगा वाकड्या नजरेने जवळ येऊ लागतो, तेव्हा ती छडी उचलते आणि त्याला बडवून काढते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत, आणि भिंतीवरचे घड्याळ. छडीचा आवाज त्यामुळे नुसता छडीचा आवाज म्हणून येतो, तो मऊ करायला व्हायोलिन धावून येत नाही. केशवराव दात्यांच्या काकासाहेबांची शेवटी आपल्याला कीव येते हे खरे, पण त्यासाठी नीरेचा नकार कुठे पातळ करावा लागलेला नाही. १९३७ च्या प्रेक्षकांनी या नीरेला डोक्यावर घेतले.

दोन वर्षांनी, जुलै १९३९ मध्ये, शांताबाई पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. करार आणि पगार यांवरून मालकांशी बिनसले होते. उपोषण फार दिवस चालले नाही, पण बातमी देशभर गेली. आणि इथे गंमत बघा. नीरेला टाळ्या वाजवणाऱ्या समाजाने शांताबाईंचा हा नकार मात्र ‘नटीचा तऱ्हेवाईकपणा’ या सदरात टाकला. तो अजून तिथेच पडून आहे. प्रभातच्या आठवणी निघतात तेव्हा हा प्रसंग चहाबरोबर चघळायचा किस्सा म्हणून येतो. ‘फिल्मइंडिया’ मासिकाच्या बाबूराव पटेलांनी काहीबाही लिहिले म्हणून शांताबाईंनी त्यांच्या कचेरीत जाऊन छडी चालवली, ही कथाही सोबतीला असतेच. त्या कथेतली छडी थेट ‘कुंकू’तून आल्यासारखी वाटते. नीरा आणि शांताबाई यांची लोकांच्या मनात अशी सरमिसळ झाली आहे. फक्त नीरेला न्याय मिळाला आणि शांताबाईंना किस्से.

करारात कुणाची बाजू बरोबर होती, याचा निवाडा मला करायचा नाही. पण काळ कुठला होता ते पाहावे. १९३८ च्या नोव्हेंबरात औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध मुंबईत गिरणी कामगारांनी एक दिवसाचा संप केला होता. १९३९ च्या मार्चमध्ये गांधीजी राजकोटला उपोषणाला बसले होते. म्हणजे संप काय आणि उपोषण काय, दोन्ही त्या हवेतलीच हत्यारे होती. गिरणीतल्या माणसाने ती उचलली तर त्याला कामगार म्हणत, पुढाऱ्याने उचलली तर सत्याग्रही. नटीने उचलली तेव्हा तिला द्यायला आपल्याकडे नावच नव्हते. कारण नटी काम करते, हेच मुळात कुणाच्या डोक्यात नव्हते. ती ‘चमकते’, ‘झळकते’, ‘भूमिका गाजवते’. घाम गाळायचा तो बाकीच्यांनी.

प्रत्यक्षात काम काय होते? बोलपटाच्या सुरुवातीच्या वर्षांत पार्श्वगायन नव्हते. नटीने कॅमेऱ्यासमोर अभिनय करायचा आणि त्याच श्वासात सुरात गायचे. डोक्यावर तापलेले दिवे. वादक चौकटीबाहेर बसलेले. एकाचा ताल चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्यात प्रभातचे बरेच बोलपट मराठी आणि हिंदी असे दोन्ही भाषांत निघत. त्या काळी आजच्यासारखे डबिंग नव्हते. म्हणजे ‘कुंकू’चा प्रसंग झाला की हिंदी ‘दुनिया न माने’चा. तोच संताप, तेच अश्रू, तीच छडी, दुसऱ्या भाषेत. पडद्यावर आपल्याला एकच नीरा दिसते, पण शांताबाईंनी ती दोनदा भोगली होती.

हा थकवा हाच ‘जाऊ मी सिनेमात?’चा गाभा आहे. चित्रपट-अभ्यासक देबश्री मुखर्जी यांनी शांताबाईंचे उपोषण आणि हे पुस्तक एकत्र ठेवून २०२० साली इंग्रजीत सविस्तर लिहिले. त्यांनी शांताबाईंना विचारवंत मानले, श्रमाबद्दल, दमण्याबद्दल काही मूलभूत म्हणणारी बाई मानले. पुस्तक मराठीत, लेखिका मराठी, प्रसंग पुण्यातला. आणि त्याची जाणती दखल घेतली ती परक्या भाषेत. आपण ‘गोपाळकृष्ण’ची गाणी ऐकत बसलो.

प्रभातवर मला चिखल उडवायचा नाही. ‘कुंकू’ काढण्याची छाती त्याच कंपनीची. पण ‘प्रभात म्हणजे एक कुटुंब’ हे जे आपण कौतुकाने सांगतो, त्यातच खरी मेख आहे. कुटुंबात वडीलधारी माणसे असतात, माया असते, धाक असतो. लेखी अटी नसतात. कुटुंबात पगार मागणारा कृतघ्न ठरतो. ‘कुंकू’ची नीरा घराच्या नावाखाली चालणाऱ्या सक्तीलाच नकार देते, आणि शांताबाईंचे भांडणही त्याच जातीचे होते.

ही गोष्ट १९३९ मध्ये संपली असती तर मी ती आज उकरली नसती. ललिता पवारांचे उदाहरण घ्या. १९४२ च्या सुमारास चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड इतक्या जोरात बसली की त्यांच्या चेहऱ्यावरून वारे गेले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कारकीर्द तिथे संपली. त्यातून त्या उठल्या, खाष्ट सासू म्हणून अजरामर झाल्या. ही कथा आपण जिद्दीची म्हणून शाळेतल्या मुलांना सांगतो. कामावर असताना जखमी झालेल्या बाईच्या उपचाराची आणि बुडालेल्या वर्षांची जबाबदारी कुणाची होती, हा प्रश्न त्या कथेत कुणी विचारत नाही.

आजही मालिकेच्या सेटवर बारा तासांची पाळी नेमाची आहे, आणि केलेल्या कामाचे पैसे ९० दिवसांनी मिळणे यात कुणाला नवल वाटत नाही. पैशाचा विषय काढला की उत्तर ठरलेले असते: अगं, आपण सगळे एका कुटुंबातले. केरळात चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रियांच्या परिस्थितीवरचा न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०१९ च्या डिसेंबरात सरकारला मिळाला. तो लोकांसमोर यायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. लैंगिक छळाच्या मथळ्यांखाली त्यातली साधी वाक्ये दबून गेली: चित्रीकरणाच्या जागी बायकांना संडास नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, लेखी करार नाही. १९४० च्या पुस्तकातला प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

उपोषणानंतर शांताबाई संपल्या, असेही कुणी समजू नये. त्यांनी तामिळ शिकून १९४१ च्या ‘सावित्री’त सावित्री केली, त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद होत्या. ‘अपना घर’, ‘जमीनदार’, ‘स्वयंसिद्धा’ हे चित्रपट त्यानंतरचे. प्रभातच्या दिवसांची उंची पुन्हा आली नाही हे खरे, पण फाटकाबाहेरही जगता येते हे त्यांनी दाखवले. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी त्या मुंबईत वारल्या.

ही तारीख मुद्दाम देतो आहे. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचे हक्क संपतात, आणि ती मुदत पुढच्या जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून शांताबाईंचे लेखन तुमचे-आमचे झाले. मराठी प्रकाशकांनो, आता परवानगीची, मानधनाची, वारसांच्या पत्त्याची कुठलीच सबब उरलेली नाही. एखाद्या जाणत्या माणसाची प्रस्तावना आणि टिपा घालून ‘जाऊ मी सिनेमात?’ पुन्हा छापा. प्रभातच्या ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींच्या हाती पहिली प्रत द्या. कॅमेरा धरायला त्यांना पुढे कुणीही शिकवील. काम हातात घेण्याआधी अटी विचाराव्यात, हे त्यांना शांताबाईंकडून कळू द्या.