विश्लेषण : प्रदर्शनात कॅराव्हॅन पाहून भुललात? टोकन भरण्याआधी हे वाचा

उमरखेडमध्ये कापसाची गाडी काट्यावर चढल्याशिवाय कुणी पैशाचे बोलत नाही. आधी भरल्या गाडीचे वजन, मग रिकाम्या गाडीचे, आणि मगच हिशोब. तोच माणूस नागपूर, पुणे किंवा हैदराबादच्या प्रदर्शनात गेला की चकाचक कॅराव्हॅनमध्ये शिरतो, गादीवर बसून सेल्फी काढतो आणि ‘आजच बुक केलं तर दोन लाख कमी’ हे ऐकून उभ्या उभ्या मोबाइलवरून टोकन पाठवून देतो. गाडीचे वजन किती, हे विचारायचे राहूनच जाते.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडेही रुळला. नागपूर-तुळजापूर महामार्ग उमरखेडवरून जातो. माहूर, सहस्रकुंड, पैनगंगा अभयारण्य जवळ आहे. त्यामुळे ‘एक गाडी घेऊ, भाड्याने देऊ’ असा विचार करणारे तरुण भेटतात. विचार वाईट नाही. पण प्रदर्शनातला मंडप हा तो विचार पक्का करण्याची जागा नव्हे.

कॅराव्हॅन म्हणजे नेमके काय?

घर सोबत घेऊन फिरणे आपल्याला नवे नाही. आषाढीच्या दिंडीमागे चालणारा ट्रक, त्यातल्या राहुट्या, ताडपत्री, भांडी आणि पाण्याचे ड्रम ही एका अर्थाने कॅराव्हॅनच. आज प्रदर्शनात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एकात इंजिन आणि घर एकाच गाडीत असते, म्हणजे मोटर कॅराव्हॅन. दुसऱ्यात घर ट्रेलरवर असते आणि ते कार किंवा एसयूव्हीने ओढायचे असते. ट्रेलर स्वस्त दिसतो, पण त्याचीही नोंदणी लागते. शिवाय ‘आमची गाडी ओढेल’ हे विक्रेत्याने सांगून चालत नाही. तुमच्या कारच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता लिहिलेली असते. काही कंपन्या ओढायला थेट मनाई करतात. ते पान मोबाइलमध्ये सेव्ह करूनच प्रदर्शनात जा.

कोणता कागद आधी मागायचा?

मोटर कॅराव्हॅनसाठी देशात एआयएस-१२४ हे मानक आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेकडून त्या मॉडेलला मान्यता मिळालेली असावी लागते. स्टॉलवर पहिला प्रश्न हाच विचारा : या मॉडेलचे मान्यता प्रमाणपत्र दाखवता का? उत्तर ‘होऊन जाईल, आरटीओत आपली ओळख आहे’ असे आले, तर कॅटलॉग परत द्या आणि पुढच्या स्टॉलवर जा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद केली. जुनी ट्रॅव्हलर घेऊन ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून पलंग आणि गॅस ओटा बसवून घेणे म्हणूनच महागात पडू शकते. दंड एकवेळ परवडेल. अपघातानंतर विमा कंपनीने हात वर केले, तर त्याचे काय?

वजनाचे गणित कसे मांडायचे?

इंजिनीअरिंगची चार वर्षे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती इथे, आणि हे गणित आठवीतल्या मुलालाही जमेल. आरसीवर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दोघांतला फरक म्हणजे तुमच्या वाट्याची जागा.

समजा कमाल वजन ३,५०० किलो आणि फर्निचर, टाक्या, बॅटरी बसवून तयार गाडीचे वजन २,९०० किलो. उरले ६०० किलो. सहा माणसे सरासरी ६५ किलोंची धरली, तर ३९० गेले. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. उरले ११०. यात बॅगा, भांडी, गॅस, अंथरूण-पांघरूण आणि माहूरहून परतताना घेतलेला प्रसाद बसवायचा. प्लायवूडचे एक कपाट वाढवले की हिशोब कोलमडतो. आणि ओव्हरलोड गाडीचे ब्रेक घाटात काय करतात, ते माहूरगडाच्या उतारावर तपासून बघू नये.

जर्मनीत तर हा रोजचा वाद आहे. तिथल्या साध्या कार परवान्याची मर्यादा ३,५०० किलो, म्हणून बहुतेक मोटर कॅराव्हॅन याच वजनात बसवलेल्या असतात. ड्युसेलडॉर्फच्या जगप्रसिद्ध कॅराव्हॅन प्रदर्शनात जाणकार ग्राहक गादीआधी वजनाची पाटी बघतो. आपल्याकडे हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोंपर्यंतची गाडी चालवता येते, त्यामुळे परवान्याची अडचण कमी. पण ब्रेक, टायर आणि चासीला परवान्याशी देणेघेणे नसते. डिलिव्हरी घेताना गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्या. शंभर-दोनशे रुपयांचे काम आहे.

एसी रात्रभर चालेल का?

स्टॉलवर एसी सुरू असतो, फ्रिज थंड असतो, दिवे लखलखत असतात. खाली वाकून बघा, मंडपाच्या विजेची वायर जोडलेली असते.

१२ व्होल्ट, १५० एएच बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-अवर. लेड-ॲसिड असेल तर तिचे आयुष्य टिकवायला निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. साधारण १,००० वॉट ओढणारा एक टनाचा एसी त्यावर तासभरही धड चालणार नाही. तीच वीज एका ३० वॉटच्या पंख्याला दहा तास, चार एलईडी दिव्यांना संध्याकाळभर आणि सगळ्यांच्या मोबाइलना पुरून उरते. लिथियम बॅटरी जास्त खोलवर वापरता येते, पण किंमतही तशीच. छतावरच्या २०० वॉटच्या सोलर पॅनेलमधून चांगल्या उन्हाच्या दिवशी ७००-८०० वॉट-अवर मिळाले तरी नशीब समजा. मे महिन्यात विदर्भात गाडीत झोपायचे, तर एसी हवा आणि एसीसाठी बाहेरून वीज हवी. म्हणून ‘मुक्कामी वीज कुठे जोडणार’ हा प्रश्न गाडी घेण्याआधीचा आहे. विक्रेत्याला सांगा : वायर काढा, आता चालवून दाखवा.

तंबू, स्लीपिंग बॅग, पॉवर बँक...

सगळ्यांना कॅराव्हॅन घ्यायची नसते. प्रदर्शनातली जास्त विक्री या किरकोळ वस्तूंचीच, आणि फसवणूकही तिथेच सोपी. कॉलेजात असताना एका प्रदर्शनात मी ‘चार माणसांचा वॉटरप्रूफ’ तंबू घेतला होता. जुलैत सहस्रकुंडला गेलो. मध्यरात्री कापडातून नाही, शिवणीतून पाणी आले. चौघे त्यात मावलो नव्हतोच, दोघे आधीच गाडीत झोपले होते. ते कोरडे राहिले. पावतीवर फक्त ‘टेंट १ नग’ एवढेच लिहिलेले.

तेव्हापासून तंबूवर मिलिमीटरचा आकडा शोधतो. कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब झेलते, ते तो सांगतो. हलक्या सरींना १,५०० मिमी ठीक, आपल्या जुलै-ऑगस्टच्या पावसाला ३,००० मिमी बघा. आतून शिवणीवर टेप चिकटवलेली आहे का, तेही पाहा. ‘चार माणसांचा’ म्हणजे बॅगांसह दोघांचा. स्लीपिंग बॅगवर दोन तापमाने असतात, त्यातले ‘कम्फर्ट’चे धरा, ‘लिमिट’चे म्हणजे कशीबशी काढलेली रात्र. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टला मोजलेली असते, म्हणजे ७४ वॉट-अवर. मोबाइलला प्रत्यक्षात मिळते ते त्याहून कमी. तिच्यावरचा बीआयएस नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तिथेच टाकून बघता येतो. गॅस शेगडीवर आयएसआय चिन्ह नसेल, तर ती बंद गाडीत पेटवायचा विचारही करू नका.

टोकन कसे भरायचे?

शक्यतो भरूच नका. सवलत खरी असेल तर ती आठवडाभर लेखी द्यायला कंपनीची हरकत नसते. आधी तशीच गाडी दोन रात्रींसाठी भाड्याने घ्या. सांडपाण्याची टाकी स्वतः रिकामी केल्यावर बऱ्याच हौशी उतरतात.

भरायचेच असेल तर कंपनीच्या खात्यात भरा, स्टॉलवरच्या मुलाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर नाही. पावतीवर मॉडेल, सोबतच्या सुविधांची यादी, डिलिव्हरीची तारीख, रद्द केल्यास किती पैसे परत आणि जीएसटी, नोंदणी, विम्यासह एकूण किंमत लिहून घ्या. जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर मोबाइलवरच तपासता येतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. प्रदर्शन संपले की स्टॉलचा पत्ता राहत नाही. उरतो तो हा क्रमांक. आमच्या मते आयोजकांनीच प्रत्येक विक्रेत्याचा कायमचा पत्ता आणि हा क्रमांक स्टॉलच्या पाटीवर लावणे सक्तीचे करावे. भाडे घेतात, तर एवढी जबाबदारीही घ्यावी.

फसगत झाली तर पुण्याला खेटे घालायचे का?

नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे उमरखेडकरांना यवतमाळला. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. पावतीवर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत तो परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मात्र रंग आवडला नाही, मन बदलले, या कारणाला हे संरक्षण नाही.

भाड्याने देण्यासाठी गाडी घेणाऱ्यांसाठी यात एक मेख आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ नसतो. केवळ स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठी घेतली असेल, तरच अपवाद. एक गाडी घेऊन ती स्वतः चालवणारा तरुण या अपवादात बसू शकतो, चार गाड्या घेऊन चालक ठेवणारा बहुधा नाही. आणि भाड्याने द्यायची गाडी पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी नोंदणीवर चालत नाही. तेव्हा नोंदणी कोणत्या गटात होणार, हे त्या टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या.